फळ्यावरचे आकडे

हन्नाकडे मिरवायला एकच गोष्ट होती. दागिना नव्हे, घर नव्हे, पोराची नोकरीही नव्हे. "आमचे हे थेंबाला शिवत न्हाईत," एवढं एक वाक्य. नळावर, रेशनच्या रांगेत, चर्चच्या बायकांत, कुठेही दारूचा विषय निघाला की हन्ना पदर सारखा करायची आणि हे वाक्य टाकायची. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं. एखादी आगाऊ बाई तर हन्नाच्या आधीच ते म्हणून मोकळी व्हायची. हन्नाला राग येत नसे. ती ज्या घरात वाढली ते घर ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना या वाक्याची किंमत कळली असती.

माहेर शिरूरचं. चर्चच्या आवारामागे दोन खोल्या, बाप सुतार. हाताला कसब असं की चर्चची बाकं अजून त्यानं बसवलेल्या सांध्यांवर उभी आहेत. पण मजुरी हातात पडली की त्याची पावलं गुत्त्याकडे वळायची, आणि तिथून त्याला उठवून आणायचं काम थोरली लेक म्हणून हन्नाकडे यायचं. चर्चच्या पंचांनी त्याला समज दिली, पुन्हा समज दिली, आणि शेवटी प्रभुभोजनातून बाहेर ठेवलं. त्या रविवारी भाकरीचं ताट रांगेतून फिरत आलं आणि बापाच्या पुढ्यातून तसंच पुढे सरकलं. शेजारी परकराचा काठ चुरगाळत बसलेल्या हन्नानं ते पाहिलं. पुढे आयुष्यात तिनं पुष्कळ सोसलं, पण ते पुढे सरकलेलं ताट तिच्या मनातून कधी गेलं नाही.

म्हणून दौंडचं स्थळ आलं तेव्हा बघायला आलेल्या माणसांसमोर तिनं थेट विचारलं, "पितात का?" बसलेल्या बायकांनी जीभ चावली. मुलगा मात्र हसला नाही. "न्हाई," तो म्हणाला, "आन् पिणार बी न्हाई." बन्यामीननं तो शब्द पाळला. पुढे त्याच्याबद्दल बरंच वाईटसाईट सांगावं लागणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बन्यामीन रेल्वेत कॉलमन होता. दौंडात राहणाऱ्याला हे काम समजावून सांगावं लागत नाही, इतरांना लागतं. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती सुटायची ठरली की ड्रायव्हरच्या आणि गार्डाच्या घरी आधी जाऊन कळवायचं, सही घ्यायची आणि परत यायचं. याला कॉल देणं म्हणतात. बन्यामीन सायकलवरून क्वार्टर्सच्या गल्ल्यांतून फिरायचा, कडी वाजवायचा आणि म्हणायचा, "साहेब, कॉल हाय." दार उघडणाऱ्याचा चेहरा आंबट असायचा, कारण बन्यामीन आला म्हणजे एक तर जेवण अर्धवट, नाहीतर झोप अर्धवट. तरी तो चुकला असं कधी झालं नाही. या नोकरीत धावपळ थोडी आणि वाट बघणंच फार. दोन कॉलच्या मधले तास रिकामे जायचे आणि ते कसे घालवायचे, हे ज्याचं त्यानं बघायचं.

चर्चमध्ये त्याच्याकडे आणखी एक काम होतं. वेदीच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक लाकडी फळा आहे, मिशनरी साहेबांच्या काळचा. त्या दिवशी जी गीतं गायची त्यांचे आकडे त्यात लावायचे. आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या एका डब्यात असायच्या. पाळकसाहेब शनिवारी गीतं सांगायचे आणि रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बन्यामीन पाट्या खाचेत सरकवायचा. मग एक पाऊल मागे येऊन सरळ लागल्यात का ते पाहायचा. तेवढं करून तो बाकावर येऊन बसला की हन्नाला बरं वाटायचं. आपला माणूस देवाच्या भिंतीला हात लावण्याइतका स्वच्छ आहे, असं तिला वाटायचं.

दोन हजार तीन साल असेल. स्टेशन रोडला जिथे पूर्वी सायकलचं दुकान होतं तिथे ऑनलाईन लॉटरीचं सेंटर निघालं. काचेचं दार, डोक्यावर नवा पंखा, कॉम्प्युटर, भिंतीवर टीव्ही आणि टीव्हीत फिरणारे आकडे. जुन्या कागदी लॉटरीचा निकाल लागायला आठवडा जायचा. हिचा निकाल पंधरा मिनिटांत. हवा तो आकडा सांगायचा, मशीन तिकीट काढून देणार, चहा पिऊन होतो न होतो तोवर सोडत. मटक्याच्या अड्ड्यावर जाणारा माणूस निदान मान खाली घालून जायचा. इथे काचेवर मोठ्या अक्षरांत 'सरकारमान्य' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'मर्यादेत खेळा'. मर्यादा कुणाची आणि ती कुणी ठरवायची, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिवाय तो कॉम्प्युटर. त्या काळात पोरं क्लास लावून कॉम्प्युटर शिकत होती. त्याच्यासमोर बसलेला माणूस जुगार खेळतोय हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि खेळणाऱ्याच्या लक्षात यायला त्याहून जास्त.

बन्यामीन पहिल्यांदा गेला तो पंख्याखाली बसायला. बसलोच आहोत तर एक तिकीट काढू म्हणाला. आकडा कुठला सांगावा सुचेना, म्हणून रविवारी फळ्यावर लावलेल्या एका गीताचा आकडा सांगितला. तो लागला. तिथेच सगळा घोळ झाला. हरला असता तर तोंड वाकडं करून घरी गेला असता आणि विसरला असता.

घरी हन्नाला वेगळंच दिसू लागलं. जेवता जेवता बन्यामीन पुटपुटायचा, "एकशे बारा. तीनशे सात." सायकल पुसताना तेच, दाढी करताना तेच. कधी गीतांचं पुस्तक घेऊन पानं उलटत बसायचा. हे पुस्तक हन्नाचं. तिचं दृढीकरण होऊन ती चर्चची सभासद झाली तेव्हा आईनं दिलेलं, आतल्या पानावर तिचं नाव. हन्नाला वाटलं, उतारवयात माणूस देवाकडे वळला. तो आकडा म्हणायचा आणि ती स्वयंपाक करता करता त्या गीताची पहिली ओळ म्हणायची. बरोबर आली की तिची तीच खूश व्हायची. चर्चच्या मंडळीत बायकांना तिनं सांगितलंही, "अलीकडं आमच्या ह्यांना गीतांबिगर काई सुचत न्हाई." आता याला काय म्हणावं? दुसऱ्या कुठल्या घरात नवरा असे आकडे पुटपुटला असता तर बायकोनं दुसऱ्या दिवशी त्याचे खिसे तपासले असते. हन्नानं गुडघे टेकून देवाचे आभार मानले.

खरं काय ते एका साध्या दुपारी कळलं. हन्ना शाळेचे गणवेश शिवून द्यायची. कुणाकडे तरी मापं घ्यायला गेली होती, परत आली तर दाराला कुलूप आणि किल्ली नवऱ्याकडे. स्टेशनवर विचारलं तर एक हमाल म्हणाला, "मामा सेंटरला असतील की." कसलं सेंटर, हे विचारायची तिला लाज वाटली. शोधत शोधत ती काचेच्या दारापाशी आली. आत नवऱ्याची पाठ दिसली. त्याच्यासमोर टेबलावर तिचं गीतांचं पुस्तक उघडं पडलं होतं. भोवती माणसं वाकली होती आणि सेंटरचा मालक पोपटराव हसत म्हणत होता, "बोला मामा, आज पुस्तक काय म्हणतंय?" बन्यामीननं एका गीतावर बोट ठेवलं. भोवतालच्यांनीही तोच आकडा लावला. टीव्हीवर आकडे फिरायला लागले तसे बन्यामीनचे ओठ हलायला लागले. ते ओठ असे हलताना हन्नानं फक्त प्रार्थनेत पाहिले होते.

आकडा लागला नाही. तरी कुणी जागचं उठलं नाही. हन्नानं दार लोटलं, आत गेली, पुस्तक उचललं आणि पदराखाली घेतलं. "किल्ली द्या," एवढंच म्हणाली.

पुढचे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात असे दिवस गेलेत त्यांना ते ठाऊक आहेत आणि बाकीच्यांना ते एकसारखे वाटतील. होतेच ते एकसारखे. बन्यामीन शपथ घ्यायचा, काही दिवस पाळायचा, मग जायचा, मग रडायचा. हन्नानं पगार स्वतःच्या हातात घेतला तर त्यानं बाहेरून उसनं आणलं. तिनं बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती मोडल्यावर त्यानं बायबल उघडणंच सोडलं. शिलाई मशीन एकदा घरातून गेली आणि पुन्हा आली. कशी गेली आणि कशी आली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सुरुवातीला हन्ना भांडायची. पुढे भांडायलाही अंगात बळ लागतं हे तिच्या ध्यानात आलं. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम नवऱ्याचा चेहरा वाचायचा, कालचा शब्द टिकलाय की मोडलाय. रोज उठून एखाद्याचा चेहरा असा वाचत बसण्यानं माणूस जेवढं दमतं तेवढं धुणीभांडी करून दमत नाही. मुलगा नोएल शिक्रापूरला कारखान्यात होता, खोली घेऊन राहायचा. आधी दर सुट्टीला यायचा, मग महिन्यानं, मग फक्त नाताळाला. त्याला तरी काय बोलणार?

या सगळ्यात ते वाक्य मात्र हन्नानं सोडलं नव्हतं. विषय निघाला की अजून ती म्हणायची, आमचे हे थेंबाला शिवत न्हाईत. आणि ते खरंच होतं.

नोएलनंच एकदा येऊन वाट काढली. त्याच्या कंपनीत पिऊन कामावर येणाऱ्यांना साहेब लोक शिरूरच्या एका मीटिंगला धाडायचे. गुरुवारी दुपारी एका खोलीत दारू सोडलेली माणसं जमतात, आपापली हकीकत सांगतात, दुसऱ्याची ऐकतात. फी नाही, औषध नाही.

"आई, आमच्यातली माणसं सुधारली तिथं जाऊन."

"त्यांची दारू. तुझे पप्पा कुठं पितात?"

"मी विचारलं त्यांना. जुगाराची मीटिंग मुंबईला असती म्हणं, हिकडं न्हाई. पण तिथले शंकरराव म्हणाले, घेऊन या. रोग एकच हाय."

बन्यामीन आढेवेढे न घेता तयार झाला, यावरून तो किती थकला होता ते समजावं. आठवड्याची सुट्टी त्यानं गुरुवारी मागून घेतली. एसटीनं चौफुला, न्हावरे करत शिरूरला गेला. मीटिंग चालवणारे शंकरराव निवृत्त कंडक्टर, आता बौद्ध विहाराच्या कामात असायचे. एके काळी त्यांनी पिण्यापायी बायकोपोरं गमावली होती आणि मग पोरं तेवढी परत मिळवली होती. तिथे प्रत्येकानं उभं राहून नाव सांगायचं आणि म्हणायचं, मी दारुडा आहे. बन्यामीनची पाळी आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी बन्यामीन. मी पीत न्हाई." खोलीत हशा पिकला. शंकरराव तेवढे हसले नाहीत.

"मग काय करता?"

"आकडे लावतो."

"थांबवता येतं का?"

"न्हाई."

"मग बसा. तुम्ही आमच्यातलेच."

हे सगळं बन्यामीननं घरी येऊन हन्नाला सांगितलं आणि सांगताना कितीतरी दिवसांनी हसला. तो दर गुरुवारी जाऊ लागला. सेंटरला जाणं थांबलं. मोह झाला की स्टेशनबाहेरच्या फोनवरून शंकररावांना फोन करायचा आणि ते त्याला बोलण्यात गुंतवून सोडतीची वेळ टाळून द्यायचे. हन्नाला विश्वास ठेवायची भीती वाटत होती. पण एक दिवस भाकऱ्या करताना तिच्या लक्षात आलं, की आज आपण ह्यांचा चेहरा वाचलाच नाही.

हे असंच चाललं असतं. पण शिरूर हे हन्नाचं माहेर होतं. तिची भावजय सिंधूबाई दौंडला एका लग्नाला आली आणि हन्नाला मांडवाच्या कडेला घेऊन गेली. "वन्सं, आम्हांला तरी सांगायचं होतं," ती म्हणाली. "दाजी गुरुवारचे दारुड्यांत जाऊन बसत्यात. सगळ्या गावानं बघितलंय. आबांचं पिणंच पुन्हा तुमच्या वाट्याला आलं म्हणायचं." सिंधूबाईच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. टोमणा असता तर हन्नानं परतवला असता. कीव कशी परतवणार?

आणि बोलणार तरी काय? पीत नाहीत म्हणावं, तर मग तिथे कशाला जातात हे सांगावं लागणार. हन्ना तशीच मांडवात परतली. पण सिंधूबाई हे दुःख एकट्या हन्नाजवळ बोलून थांबली नाही. मांडवातून उठेपर्यंत दौंडच्या मंडळीतही ते पोचलं. घरी जाताना हन्नाच्या डोळ्यांसमोर तेच एक ताट येत होतं, रांगेतून फिरत येणारं आणि नवऱ्याच्या पुढ्यातून तसंच पुढे सरकणारं.

"गुरुवारचं आता जायचं न्हाई," तिनं बन्यामीनला सांगितलं.

"हन्ना, तिथं गेलं की मला..."

"दुसरं काय बी करा. पण त्या दारुड्यांत बसू नका. माझ्या बापाचं गाव हाय ते. माझ्याकडं हाय तरी दुसरं काय?"

तिच्याशी वाद घालायचा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं बन्यामीनला वाटत असावं. "बरं," म्हणाला. एवढ्या सोप्या 'बरं'चा हन्नाला त्याच वेळी संशय यायला हवा होता.

पाऊसकाळ सरला होता. एका दुपारी बन्यामीन रखमाजी नावाच्या ड्रायव्हरला कॉल द्यायला निघाला. वाटेत सेंटर. बऱ्याच दिवसांत गेलो नाही, एक सोडत बघून निघू, पंधरा मिनिटांची तर गोष्ट. मग दुसरी सोडत. मग आणखी एक, कारण आता एवढा उशीर झालाच आहे तर तो भरून निघायला हवा. इकडे यार्डात मालगाडी तयार उभी, आणि रखमाजी घरी जेवून आडवा झालेला, कारण त्याला उठवायला कुणी आलंच नव्हतं. एक गाडी अडली, तिच्यामागे दुसरी अडली. शोधायला आलेल्या माणसाला बन्यामीन काचेतूनच दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

तो कागद घेऊन बन्यामीन उंबऱ्यावर बसला. "कॉल चुकला," म्हणाला. जन्मात त्याच्या तोंडून हे दोन शब्द निघाले नव्हते. हन्ना वाट बघत होती की आता हा म्हणेल, तू जाऊ दिलं न्हाईस म्हणून. तो म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं, जुनं सगळं काढता आलं असतं. बन्यामीननं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. हन्नाला स्वतःचा असा राग आला की तिला तिथे उभं राहवेना. आपल्या एका वाक्याला जपण्यापायी आपण या माणसाच्या हातातली काठी काढून घेतली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"गुरुवारी मी येते तुमच्यासंगं," ती म्हणाली.

एसटीत दोघं शेजारी बसली. न्हावऱ्याला गाडी बराच वेळ थांबली, कांद्याची पोती वर चढली, माणसं उतरली. शिरूरला उतरल्यावर बन्यामीन सवयीनं मागच्या गल्लीकडे वळला. हन्ना नाही वळली. ती सरळ चर्चच्या आवारावरून, भावाच्या दारासमोरून निघाली. सिंधूबाई दारातच होती.

"वन्सं, घरी न येता कुठं निघालात?"

"दारुड्यांच्या मीटिंगला," हन्ना म्हणाली आणि चालत राहिली.

शंकररावांनी "जय भीम, ताई" म्हणून बसायला खुर्ची दिली. हन्नानं "सलाम" म्हटलं. तिची पाळी आली तशी ती उठली. काय बोलायचं ते तिनं गाडीत ठरवलं होतं, पण तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तेच बाहेर पडलं. "आमचे हे थेंबाला शिवत न्हाईत." आणि ती रडायला लागली. या वेळी खोलीत कुणी हसलं नाही.

शंकररावांनी तिला सावरू दिलं. मग म्हणाले, "ताई, आमच्या परतेकाच्या घरात एक बाटली लपवलेली असती. ती सापडल्याबिगर सुटका न्हाई. ह्यांची बाटली कुठं हाय?"

"स्टेशन रोडला. ते सेंटर."

"त्यो गुत्ता झाला. गुत्ता गावात ऱ्हाणारच, आपण कुठवर बंद करायचा? मी बाटलीचं इचारतोय. गुत्त्याकडं पाय वळायच्या आधी ह्यांचा हात कशाला लागतो?"

बन्यामीन फरशीकडे बघत बसला होता. "फळा," तो हळूच म्हणाला. "चर्चमधला. दर रविवारी मीच माझ्या हातानं आकडे लावतो. मग आठवडाभर तेच डोक्यात."

हन्ना त्याच्याकडे बघत राहिली. आकडे लावून झाले की एक पाऊल मागे येऊन तो फळ्याकडे बघायचा, तेव्हा बाकावर बसून आपण मनातल्या मनात किती समाधान मानायचो ते तिला आठवलं. आणि घरी तो आकडा म्हणायचा तेव्हा पहिली ओळ म्हणून त्याला साथ द्यायला आपणच होतो. तिला फार दमल्यासारखं वाटलं. पण निदान आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे गेली. माणूस भला. त्यांनीच विषय काढला, "बन्यामीनबद्दल कानावर आलंय. पंच म्हणतात, काही दिवस प्रभुभोजनापासून..."

"ते पीत न्हाईत, साहेब," हन्ना म्हणाली. "लॉटरी खेळतात. आपल्या फळ्यावरचे गीतांचे आकडे लावून खेळतात. म्हणून नोकरी जायची पाळी आलीय."

पाळकसाहेब गोंधळले. "पण बाई, गीताच्या आकड्याचा काय दोष?"

"दोष न्हाईच. द्राक्षाचा तरी काय दोष असतो?"

पाळकसाहेब म्हणाले, "फळा काही काढता येणार नाही. मंडळीला गायला लागतो."

"काढू नका. लावायचं काम मला द्या. आन् ह्यांच्याशी बोलताना गीताची पहिली ओळ सांगा, आकडा सांगू नका. मला तेवढंच पाहिजे."

पंचांपुढे विषय गेला आणि हसावं की रडावं कळू नये असा मिटला. दारू नाही म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. लॉटरी तर सरकारमान्य. एक पंच म्हणाला, कधीमधी मीसुद्धा काढतो. ताट बन्यामीनच्या पुढ्यात नेहमीसारखं थांबलं. ज्या ताटाच्या धास्तीनं हन्नानं एवढा घोळ घातला होता, ते असं सहज थांबलं. मात्र बन्यामीनला काय झालंय, हे त्या अख्ख्या बैठकीत एकालाही समजलं नव्हतं. समजणारी माणसं गुरुवारी शिरूरला बसत होती.

बन्यामीनला नोकरीवर परत घेतलं, पगारवाढ रोखून. तो गुरुवारचा जात राहिला. मधे दोनदा घसरला, तेही खोटं बोलणार नाही. दोन्ही वेळेला त्यानंच येऊन सांगितलं. पुढे ड्रायव्हरांच्या खिशात मोबाईल आले, दारावर जाऊन कॉल द्यायचं काम कमी कमी होत गेलं आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तिथून तो निवृत्त होईल. हन्ना आता ते वाक्य कुठेच म्हणत नाही. नळावरच्या बायकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन हन्ना फळ्यात पाट्या लावते. बन्यामीन उशिरा येतो आणि खांबाआड बसतो, जिथून फळा दिसत नाही. ती त्याच्या शेजारी येऊन बसते, गीताचं पान उघडते आणि पुस्तक दोघांच्या मधे धरते. पानावर गीताच्या डोक्यावर आकडा छापलेला असतो. त्यावर ती आपला अंगठा ठेवते आणि त्याच्या कानात पहिली ओळ सांगते. मग दोघं गातात. इतक्या रविवारांनी त्या पुस्तकाच्या कितीतरी पानांवर अंगठ्याएवढे मळके डाग पडलेत.

एका रविवारी हन्नाच्या अंगात कणकण होती. तरी आली, पाट्या लावल्या, खांबाआड येऊन बसली, पान काढलं आणि तिचे डोळे मिटले. पेटीचा सूर लागला, माणसं उठून उभी राहिली, तशी ती दचकून जागी झाली. पुस्तक मांडीवर उघडं पडलं होतं आणि तिचे दोन्ही हात पदरात होते. तिनं घाईघाईनं पानाच्या माथ्याकडे पाहिलं.

आकड्यावर बन्यामीननं आधीच आपला अंगठा ठेवला होता. वाकून तो तिला पहिली ओळ सांगत होता.